खोलीच्या जागेवर बांबू

बांबू तोडला तेव्हा निम्मं जिंतूर चौकशीला आलं. "बाई, एवढा देखणा बांबू, काय झालं हो?" म्हणत लोक फाटकाशी उभे राहिले, चुकचुकले. काहींनी मोबाईलमधले जुने फोटो काढून मलाच दाखवले. त्यानंतर दीड महिन्यानं माझी माय गेली. तेव्हा कॉलनीतून चार जणी आल्या, आणि त्यातल्या एकीनं निघताना विचारलं, "आता तिथं काय लावणार?" मी तिला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवूनही माझं तोंड कधीमधी सुटतं.

आमचं घर गावाबाहेरच्या कॉलनीत आहे. प्लॉट ह्यांच्या नावावर आणि विटा माझ्या पगाराच्या, हे मी प्रत्येक भांडणात एकदा तरी म्हणते. घर बांधताना पूर्वेकडं, गल्लीच्या बाजूला, दहा फूट रुंदीची लांबोळकी जागा मी हट्टानं मोकळी सोडायला लावली होती. गवंडी म्हणाला, बाई, जागा वाया चाललीय. मी म्हणाले, जाऊ दे. ती जागा मायसाठी होती. तेव्हा मायला हे ठाऊक नव्हतं आणि ह्यांनाही नव्हतं.

माय गंगाखेडच्या पलीकडं, गोदाकाठच्या आमच्या गावात भावाकडं राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, त्यात चार खोल्या काढल्या. एक त्याची, एक त्याच्या मुलाची, एक टीव्हीची, आणि एक सोयाबीनच्या पोत्यांची. मायची बाज आधी टीव्हीच्या खोलीत होती. मग टीव्ही बघताना तिच्या खोकल्याचा त्रास होतो म्हणून व्हरांड्यात गेली. मग भाच्याच्या लग्नात व्हरांड्याला ग्रिल बसलं, मोटारसायकली आत आल्या, आणि बाज पोत्यांच्या खोलीत गेली. भावजय वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिनं मायला वेळेवर जेवायला घातलं, औषधं आणली. पण दोन बायकांना एक चूल पुरत नाही, आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं चूल सांभाळली तिला ताट आयतं आलं की ते गिळवत नाही. "वाढलेलं खायचा कंटाळा येतो गं माय," असं ती म्हणायची. मलाही ती मायच म्हणायची, आमच्याकडं लेकीला तसं म्हणतात.

तर तू माझ्याकडं ये, हे म्हणायला सोपं आहे. पण माझी माय जुन्या वळणाची होती. लेकीच्या घरी राहायचं नाही, लेकीचं अन्न फुकट खायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. वर्षातून एकदा चार दिवस यायची ती स्वतःचं ज्वारीचं पीठ कापडी पिशवीत बांधून यायची. एसटीतून उतरली की हातात पिशवी आणि काखेत पीठ. माझ्या डब्यात दोन पायल्या पीठ असलं तरी भाकरी तिच्याच पिठाची व्हायची. भाजीला मात्र चालायची माझी भाजी. मी एकदा चिडून म्हणाले, "माय, मग मीठ पण घिऊन येत जा." तर पुढच्या खेपेला तिनं खरंच मिठाची पुडी आणली.

ज्या वर्षी बाज पोत्यांच्या खोलीत गेली, त्या वर्षी तिनं स्वतःहून विषय काढला. चूल बघत बसली होती, म्हणजे माझा गॅस बघत बसली होती. म्हणाली, "तुझ्या घरात न्हाई मी राहणार. पण घराला लागून एखादी खोली असंल अन् दार भाईरून असंल, तं वेगळी गोष्ट हाय. मी माझं शिजवून खाईन. लोकं म्हणतील म्हातारी भाड्यानं राह्यली. जावयाच्या घरी राह्यली असं न्हाई म्हणणार."

मला ती जागा आठवून इतका आनंद झाला की मी तिला हाताला धरून पूर्वेकडं नेलं. "हितं," म्हणाले. "ही भिंत, हे तुझं दार, गल्लीकडं. हितं मोरी." तिनं पावलाला पाऊल लावून जागा मोजली. दहा पावलं एका बाजूला, पंधरा दुसऱ्या. म्हणाली, "एवढं पुरं झालं. येक खिडकी पूर्वेला ठिव." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना फक्की आणली, मैदान आखायला आणतात ती, आणि स्वतः वाकून चार रेघा मारल्या. ह्यांनी खुर्चीतून बघितलं, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोरीचं लग्न उरकू, मग बघू." ते बरोबर होतं. लग्न मेमध्ये होतं. माय गावी गेली, लग्नाला आली, परत गेली. फक्की वाऱ्यानं उडाली, पण जागा तिथंच होती.

लग्नानंतर महिनाभरात हे निवृत्त झाले. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आयुष्यभर कालव्याचं पाणी मोजलं, कोणत्या चारीला किती सुटलं, कुठं फुटलं. असला माणूस एका दिवसात रिकामा झाला की घरातल्या बाईचे हाल कुत्रं खात नाही. सकाळी सातला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हे मला विचारायचे, "आज काय काय करायचंय?" मी कपाळाला हात लावायचे. कोणीतरी ह्यांना परभणीला कृषी प्रदर्शन बघायला नेलं आणि तिथून हे तीन रोपं घेऊन आले. शोभेचा राक्षसी बांबू. पिवळाधमक, त्यावर उभ्या हिरव्या रेघा, ब्रशनं ओढाव्यात तशा. स्टॉलवाल्यानं सांगितलं म्हणे, काळ्या मातीत पाणी मिळालं तर चाळीस-पन्नास फूट जातो, मांडीएवढा जाड होतो.

"लावणार कुठं?" मी विचारलं.

"पूर्वेला जागा पडलीय ना. गवत माजायलंय तिथं."

"तिथं मायची खोली आहे."

"खोली दिवाळीनंतर. तोवर रोपं धरतील, मग काढून मागं लावू. बांबूचं काय, उपटलं की लावलं."

मी विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. मला पटलंही नव्हतं. पण माणूस पंधरा दिवसांनी पहिल्यांदा हसत होता, हातात फावडं घेऊन खड्डे करत होता, आणि मला घरात शांतता हवी होती. म्हणून मी गप्प बसले. लोक म्हणतात बाईनं गप्प बसावं, घर टिकतं. टिकतं खरं.

दिवाळी आली तेव्हा रोपं गुडघ्याएवढी होती आणि हे म्हणाले, आत्ताच मूळ धरलंय, हलवली तर मरतील, उन्हाळ्यात बघू. उन्हाळ्यात म्हणाले, उन्हात हलवली तर जळतील. मग पावसाळा, आणि पावसाळ्यात बांबूनं असे काही कोंब काढले की हलवायचा विषयच निघेना. जमिनीतून तपकिरी, केसाळ, टोकदार कोंब येतो, सकाळी वीतभर असतो आणि दुसऱ्या सकाळी दुप्पट. हे खात्यातला जुना टेप घेऊन दररोज मोजायचे आणि कंपाउंडच्या भिंतीवर कोळशानं खूण करायचे. कोंबाच्या सालीवरची लव अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही, तरी हे हात लावायचे आणि मग खोबरेल तेल चोळत बसायचे. पोरगी लहान असताना तिची उंची ह्यांनी एकदाही मोजली नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं. "पोरगी एवढी वाढली नाही दिवसाला," असं उत्तर मिळालं.

पाण्यावरून आमची भांडणं ऐकायला शेजारी खिडक्या उघडायचे. आमच्या कॉलनीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. मी ड्रम भरायचे, पातेली भरायचे, घागरी भरायचे, आणि हे मागच्या दारानं बादली बादली बांबूला न्यायचे. एप्रिलमध्ये तर मी कपडे धुतलेलं पाणी मोजून देऊ लागले. कालव्याचं पाणी मोजणाऱ्या माणसाला मी माझ्या मोरीतून पाळी लावून पाणी दिलं, ह्याचं मला थोडं समाधान होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात मात्र बांबू बघण्यासारखा झाला. हे मला मान्य करावंच लागेल. मनगटाएवढा, मग दंडाएवढा, सोन्यासारखा पिवळा, वरून हिरवा पाला झुकलेला. सकाळचं ऊन पडलं की सगळी भिंत उजळायची. एका पोरानं त्याच्यासमोर उभं राहून रील काढली, मग लग्नाआधीचे फोटो काढणारे जोडीनं येऊ लागले. मुलगी घागरा धरून उभी, मुलगा एका गुडघ्यावर, आणि फोटोवाला मला म्हणायचा, "मावशी, जरा बाजूला." माझ्याच घरात! पण मी बाजूला व्हायचे आणि त्यांना चहाही करायचे. रिक्षावाले आमच्या घराला 'बांबूवाल्या बाईंचं घर' म्हणू लागले. शाळेतल्या बायका बघायला आल्या, म्हणाल्या, "बाई, तुमची कमाल आहे." मी त्यांना सांगितलं नाही की माझी काहीच कमाल नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला ते ऐकायला आवडत होतं. आयुष्यभर चौथीच्या पोरांना भागाकार शिकवला, कोणी फाटकाशी थांबून माझं कौतुक केलं नव्हतं.

ह्यांचा जीव मात्र त्यात इतका अडकला की एक काठी तोडू द्यायचे नाहीत. पाडव्याला शेजारच्या घरातून गुढीसाठी एक बांबू मागायला आले, तर हे म्हणाले, "बाजारात मिळतो." त्या घरानं आमच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. त्यांच्या गच्चीवर आमचा पाला पडायचा, तो ते झाडून परत आमच्या अंगणात टाकायचे. त्यांचं बरोबर होतं.

चौथ्या वर्षी, थंडीत, माय आली. आधीच्या तीन वर्षांत ती आलीच नव्हती. गुडघे दुखतात म्हणायची. मी शनिवारी जाऊन भेटून यायचे आणि खोलीचा विषय निघाला की "काढायचीय" म्हणायचे. ह्या खेपेला तिला भाच्यानं जीपमधून आणून सोडलं. उतरली, काखेत पिठाची पिशवी होतीच. आत यायच्या आधी ती सरळ पूर्वेकडं गेली. बांबूपुढं उभी राहिली. मान वर करून शेंड्यापर्यंत बघितलं, पदर डोक्यावरून घसरला तो सावरला. खोलीचं दार जिथं यायचं होतं तिथं आता दहा-बारा जाड बांबू दाटीनं उभे होते.

हे उत्साहानं बाहेर आले. "आई, बघा, चाळीस फुटांवर गेलाय."

"लय देखणा येळू हाय, जावईबापू," माय म्हणाली. पदराआड तोंड करून म्हणाली, जावयाशी बोलायची तिची तीच रीत होती. बांबूला ती येळूच म्हणायची.

संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि ती तिच्या पिठाची भाकरी थापत होती. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी मी विचारलं. काय शब्दांत विचारलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "माय, तो बांबू तोडून खोली काढू का? तू म्हणशील तसं."

तिचा हात थांबला. भाकरी अर्धी थापलेली, हात पिठात. मग म्हणाली, "नको माय. जित्या झाडाला कशाला कुऱ्हाड लावता? माझं काय, आज हाय, उद्या न्हाई."

मी "बरं" म्हणाले.

आमच्या भागात पहिल्या 'नको'ला कोणी नको समजत नाही, हे जिंतूरच्या लहान पोरालाही कळतं. पाहुणा जेवताना नको म्हणतो तेव्हा पोळी त्याच्या ताटात पडलेली असते. त्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप जातं. साडी देताना बाई तीनदा नको म्हणते आणि चौथ्यांदा पिशवीत ठेवते. पहिल्याच बोलण्याला हो म्हणणारा माणूस हावरा, आणि पहिल्याच नकोला थांबणारा यजमान कंजूष. मी स्वतः आग्रहाच्या बाबतीत बदनाम आहे. नणंदेला मी एका बैठकीत पाच जिलब्या जास्तीच्या खायला लावल्यात, ती रडकुंडीला आली तरी सोडलं नाही. आणि माझी माय, जिनं मीठसुद्धा स्वतःचं आणलं, ती जावयाचं लाडकं झाड तोडा असं पहिल्या बोलण्याला म्हणणार होती का? आणि मी विचारलं तरी कसं! तू म्हणशील तसं. म्हणजे कुऱ्हाड मी तिच्याच हातात दिली होती.

मला हे सगळं त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. कळलं, आणि वर मला सुटल्यासारखं वाटलं. ह्यांच्याशी भांडण नको, फोटोवाले येत राहतील, मी बांबूवाली बाई राहीन. त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलंही, "माय नको म्हणाली खोली." हे म्हणाले, "बघ, त्यांना पण आवडला बांबू." मी भात वाढला.

माय नेहमी चार दिवस राहायची, त्या खेपेला आठ दिवस राहिली. सोबत आणलेलं पीठ सहाव्या दिवशी संपलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या डब्यातलं पीठ घेऊन बसली, न बोलता. मी बघितलं आणि मीही काही बोलले नाही. आठ दिवस, रोज दोन वेळा आम्ही दोघी त्या ओट्याशी होतो. जाताना स्टँडवर मला म्हणाली, "येळूला पाणी घालत जा, वाळू दिऊ नको."

पुढची दोन वर्षं दर रविवारी भावाच्या मोबाईलवरून तिचा फोन यायचा. कशी आहेस, पोरगी कशी आहे, आणि मग हमखास, "येळू कसा हाय?" मी सांगायचे, यंदा नवीन नऊ कोंब आले. यंदा पान गळतंय. एकदा वादळात तीन बांबू मोडले, तेही मी हौसेनं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "मग जागा झाली आसंल थोडी." मी म्हणाले, "अगं जागा कसली, महिन्यात दुसरे येतील त्या जागी." ती "हां" म्हणाली आणि फोन भावाकडं दिला.

गेल्या श्रावणात ती पडली. पोत्यांच्या खोलीपासून मागच्या संडासापर्यंत उघड्यावरून जावं लागायचं, पाऊस पडून गेला होता, फरशीवर शेवाळ होतं. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला नेलं, रॉड टाकला, पंधरा दिवसांनी घरी आणलं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी ह्यांच्यावर जे तुटून पडले ते तीस वर्षांत कधी पडले नव्हते. तुमच्या बांबूनं माझ्या मायचं हाड मोडलं, म्हणाले. तुम्ही तिची जागा खाल्ली. एक गुढीची काठी सुटत नाही तुमच्यानं, माणूस मेला तरी सुटायची नाही.

हे ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "तूच तर म्हणालीस आई नको म्हणतात म्हणून. तोडा असं तू मला एकदा तरी म्हणालीस का?"

मी सगळी वर्षं मनात चाळली. दिवाळीनंतर, उन्हाळ्यानंतर, लग्नानंतर. टोमणे मारले होते, पाणी मोजून दिलं होतं, आदळआपट केली होती. तोडा, असं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्यांनी तोडला असता का? पाडव्याला काठी न देणारा माणूस सासूसाठी बेट तोडेल, ह्यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून तर मी म्हटलं नाही, असं मी स्वतःला सांगून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटक वाजलं. हे दोन मजूर घेऊन आले होते, कुऱ्हाडी आणि दोर घेऊन. मला काही विचारलं नाही. स्वतः खुर्ची टाकून बसले आणि पहिला बांबू पडला तेव्हा फक्त चष्मा काढून पुसला. दोन दिवसांत सगळं बेट आडवं झालं. तिसऱ्या दिवशी जेसीबी आला, गड्डे उपसले, कंपाउंडची भिंत पडली ती पडू दिली. सहा वर्षं जे होणं शक्य नव्हतं ते तीन दिवसांत झालं, आणि ह्यांनी ते शांतपणे केलं. मला त्या तीन दिवसांत ह्यांचा जेवढा राग आला तेवढा आधीच्या सहा वर्षांत आला नव्हता. ह्यांनी नकार द्यायला हवा होता. मग मला सगळं ह्यांच्यावर ढकलता आलं असतं.

मी गावी जाऊन मायला सांगितलं. ती बाजेवर पडून होती, बाजूला पोती. "माय, खोली काढली बांधायला. पाया भरलाय. पूर्वेला खिडकी."

"येळू तोडला?"

"तोडला."

"कशाला तोडला माय, एवढा देखणा."

"तू यायचंस. पायऱ्या नाही ठेवल्या, सरळ आत येता येईल. तू नको म्हणायचं नाही, मी ऐकणार नाही." मी तिचा हात धरून सांगत होते. पाहुण्याला आग्रह करावा तसं तीनदा, चारदा, पाचदा सांगितलं.

ती हसली. "आता मला चौघांनी उचलून आणावं लागंल," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

भिंती दीड फूट वर आल्या होत्या तेव्हा ती गेली.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले आणि भावजयीनं मला पोत्यांच्या खोलीत बोलावलं. पोत्यांमागून तिनं एक गाठोडं ओढून काढलं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. "अक्का, हे तुमच्यासाठी म्हणून ठिवलेलं न्हाई, पण तुमीच सोडा," म्हणाली. मी सोडलं. एक तवा, नवा, धगही न लागलेला. एक लहान पातेलं. एक चिमटा. एक पितळी तांब्या, तो मी ओळखला, वडिलांचा होता. आणि सगळ्यांच्या मधोमध, कापडाच्या घडीत, एक कुलूप. दोन किल्ल्या वेगवेगळ्या दोऱ्यात ओवलेल्या.

"तुमी खोलीचं पयल्यांदा बोललात ना, त्याच साली गंगाखेडच्या बाजारातून आणलं," भावजय म्हणाली. "येक किल्ली माझ्या कमरंला, येक लेकीकडं, असं म्हणायच्या. गंजू नये म्हणून दर दिवाळीला तेल लावायच्या."

मी किल्ली लावून बघितली. सहा वर्षं जुनं कुलूप अलगद उघडलं.

"अक्का, राग मानू नका," भावजय पुढं म्हणाली. ती जमिनीकडं बघत होती. "मी लय बार म्हणले, आत्याबाई, जायचं तं जा की लेकीकडं, न्हाईतर ते गठुडं सोडून भांडी तरी वापरा. मी काय आडवी येते का? तं त्या म्हणायच्या, तिनं येकदा इचारलं अन् म्या नको म्हणलं. आता अजून येकदा इचारू दे, मंग निघते."